राणीच्या बागेतील पुतळे व स्मारके

राणीच्या बागेतील पुतळे व स्मारके हा मुंबईतील भायखळा येथील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि त्याच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांच्या परिसरात असलेल्या शिल्पांचा व स्मारक-वास्तूंचा समूह आहे. यात घारापुरी बेटावरून आणलेला पाषाणाचा हत्ती, डेव्हिड ससून घड्याळ मनोरा, 'काळा घोडा' म्हणून प्रसिद्ध असलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, राणी व्हिक्टोरिया, लॉर्ड कॉर्नवॉलिस आणि मार्क्विस वेलस्ली यांचे पुतळे, तसेच राजमाता जिजाबाई व बाल शिवाजी यांचे शिल्प यांचा समावेश होतो. यातील काही स्मारके मुळातच या बागेसाठी घडवलेली होती, तर बरीचशी मुंबईच्या चौकांतून उचलून १९६५ मध्ये येथे आणण्यात आली. ज्या राणीच्या नावाने बाग ओळखली जात असे तिचा पुतळा बागेत आला, तो तिचे राज्य संपून गेल्यानंतर.

या समूहाचा वऱ्हाडाशी तिहेरी संबंध आहे. ज्यांच्या नावाने आज हे उद्यान ओळखले जाते त्या जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेडराजा हे वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात आहे. वेलस्लीच्या कारकिर्दीतील मराठ्यांविरुद्धच्या युद्धाचा निकाल अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या भूमीवर लागला. आणि बाग उभी राहिली त्या दशकात मुंबईत वाहत असलेला पैसा ज्या कापसातून आला, त्याच्या प्रमुख उत्पादक प्रदेशांपैकी वऱ्हाड हा एक होता.

नाव

उद्यानाचे मूळ नाव 'व्हिक्टोरिया गार्डन्स' असे होते. मराठी लोकांनी त्याचे 'राणीचा बाग' किंवा 'राणीची बाग' असे सुटसुटीत रूप केले. स्वातंत्र्योत्तर काळात उद्यानाला जिजामातांचे नाव देण्यात आले. इंग्रजी आद्याक्षरे 'व्ही. जे.' अशी जुळतील असे नामांतर मुंबईत अन्यत्रही झाले आहे. माटुंग्याची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था झाली, तरी तिचे 'व्हीजेटीआय' हे संक्षिप्त नाव कायम राहिले. उद्यानाच्या बाबतीत लोकांच्या तोंडी आजही 'राणीची बाग' हेच नाव आहे. त्यातील राणी कोणती, हा प्रश्न बोलणाऱ्याला सहसा पडत नाही.

उद्यानाची स्थापना

पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने १८३५ मध्ये शिवडी येथे एक वनस्पती उद्यान सुरू केले होते. पुढे ती जागा युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी घेण्यात आली आणि उद्यानासाठी माझगाव-भायखळा भागातील माउंट इस्टेट ही जागा निवडण्यात आली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या पत्नी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी नवे उद्यान लोकांसाठी खुले करण्यात आले. त्याच दिवशी संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला गव्हर्नरांनी बसवली. संस्थेचा कारभार थंडावल्यानंतर १८७३ मध्ये उद्यान मुंबई महानगरपालिकेच्या ताब्यात आले. सुरुवातीला सुमारे ३३ एकर असलेले उद्यानाचे क्षेत्र पुढे वाढत गेले व आज ते ५० एकरांहून थोडे अधिक आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथून लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि मुंबईच्या कापूस व्यापाराला अभूतपूर्व तेजी आली. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला अमरावती, अकोला व खामगाव येथील बाजारांतून मोठी मागणी आली. भुसावळहून अकोला व बडनेऱ्यावरून जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, त्याच्या आखणीमागे हा कापूस बंदरापर्यंत आणण्याचा हेतू महत्त्वाचा होता. मुंबईतील अनेक सार्वजनिक इमारती, मनोरे व देणग्या याच तेजीच्या काळातील आहेत. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, बँका व कंपन्या बुडाल्या आणि संग्रहालयाच्या इमारतीचे कामही पैशाअभावी रखडले. दहा वर्षांपूर्वी योजलेली ही वास्तू १८७२ मध्ये खुली झाली, त्यामागे हे कारण आहे.

मूळ स्मारक-वास्तू

उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ डेव्हिड ससून घड्याळ मनोरा आहे. बगदादमध्ये जन्मलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८३० च्या दशकात मुंबईत स्थायिक झाले. अफू, कापूस व कापड यांच्या व्यापारातून त्यांच्या पेढीने मोठी संपत्ती मिळवली. मुंबई व पुणे येथील अनेक संस्थांना त्यांनी देणग्या दिल्या. पुण्यातील ससून रुग्णालय हे त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. मनोरा इटालियन पुनरुज्जीवन शैलीत बांधलेला असून घड्याळे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होती त्या काळात तो केवळ शोभेचा नव्हता.

मनोऱ्याच्या जोडीला अभिजात युरोपीय धर्तीचे कमानदार प्रवेशद्वार आहे. बागेच्या आत ग्रीक मंदिराच्या घाटाचा एक छोटा मंडप असून तो फ्रेअर यांच्या नावाने ओळखला जातो. पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या गर्दीचे त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही.

संग्रहालय आणि प्रिन्स आल्बर्टचा पुतळा

मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय याच आवारात आहे. त्याच्या संग्रहाची सुरुवात १८५० च्या दशकात किल्ल्यातील टाउन बॅरक्समध्ये झाली होती. १८५७ च्या उठावाच्या काळात लष्कराला ती जागा हवी झाल्याने संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला व त्यातील बऱ्याच वस्तूंचे नुकसान झाले. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आल्यावर राणी व तिचे पती आल्बर्ट यांच्या नावाने नवे संग्रहालय बांधण्याची कल्पना पुढे आली. तिच्या पाठीशी जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड ही मंडळी होती. २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम' लोकांसाठी खुले झाले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

मुख्य दालनात प्रिन्स आल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा आहे. ब्रिटिश शिल्पकार मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला हा पुतळा डेव्हिड ससून यांनी भेट दिला. चौथऱ्याशी विज्ञान व कला यांच्या प्रतीकात्मक स्त्री-आकृती बसलेल्या आहेत. चौथऱ्यावरील लेखांत हिब्रू लेखही आहे. एका जर्मन राजपुत्राचा, इंग्लिश शिल्पकाराने घडवलेला, बगदादी ज्यू व्यापाऱ्याने मुंबईला दिलेला हा पुतळा तत्कालीन मुंबईच्या बहुरंगी व्यापारी समाजाची साक्ष देतो. बाहेरचे पुतळे उन्हापावसात राहिले, हा एक मात्र आपल्या मूळ जागी छपराखाली टिकून आहे.

घारापुरीचा हत्ती

संग्रहालयाच्या बाहेर ठेवलेला काळ्या पाषाणाचा हत्ती हे या समूहातील सर्वांत प्राचीन शिल्प होय. मुंबई बंदरातील घारापुरी बेटावर, दक्षिणेकडील उतरण्याच्या जागेपासून काही अंतरावर तो एका सुट्या प्रचंड शिळेत कोरलेला होता. सोळाव्या शतकात आलेल्या पोर्तुगीजांनी बोटीतून दिसणाऱ्या या शिल्पावरून बेटाला हत्तीचे बेट म्हटले व त्यातूनच 'एलिफंटा' हे नाव जगभर रूढ झाले. स्थानिक लोकांनी घारापुरी हे नाव सोडले नाही.

जुन्या युरोपीय प्रवाशांच्या वर्णनांत या हत्तीच्या पाठीवर आणखी एक आकृती असल्याचा उल्लेख येतो. काहींना ते हत्तीचे पिल्लू वाटले, तर काहींना वाघ. सप्टेंबर १८१४ मध्ये हत्तीचे डोके व मान गळून पडली आणि त्यानंतर धडही खचत गेले. १८६४ च्या सुमारास हे शिल्प इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. ते उचलताना यारी तुटली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. समुद्रापार नेण्याचा बेत त्यामुळे सोडून द्यावा लागला व तुकडे व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये आणून टाकण्यात आले. जवळजवळ पन्नास वर्षे ते तसेच राहिले. १९१४ मध्ये कॅडेल व ह्यूएट यांनी हे तुकडे जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जोडकामाच्या रेषा अंगावर दिसतात आणि मूळ शिल्पातील बारकावे बरेच हरवले आहेत. तरीही चार पायांवर भक्कम उभ्या असलेल्या आकृतीवरून मूळ कल्पनेचा अंदाज येतो.

घारापुरीची लेणी १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 'एलिफंटा' या नावाने समाविष्ट झाली. ज्या हत्तीमुळे हे नाव पडले तो बेटावर नाही, हे लेणी पाहायला जाणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. हत्ती बेटावर परत न्यावा की जेथे तो जुळवला गेला व शतकाहून अधिक काळ राहिला तेथेच असावा, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. शिल्पाची एकदा घडलेली मोडतोड लक्षात घेता, पुन्हा उचलण्याचा धोका पत्करण्याआधी पुष्कळ विचार करावा लागेल.

चौकांतून बागेत

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश राज्यकर्त्यांचे पुतळे सार्वजनिक चौकांत ठेवावेत की नाहीत, हा वाद देशभर होता. मुंबईत त्याला संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाची व १९६० मधील राज्यस्थापनेची पार्श्वभूमी मिळाली. गेटवे ऑफ इंडियासमोर छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. फ्लोरा फाउंटनजवळ आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. अशा शहरात राणी व तिचे गव्हर्नर-जनरल चौकाचौकांत उभे असणे अनेकांना खटकत होते. काही पुतळ्यांची विटंबना व मोडतोडही झाली. अखेर १९६५ मध्ये ते हटवण्यात आले व त्यांतील महत्त्वाचे पुतळे भायखळ्याला पाठवण्यात आले.

इतर शहरांनीही थोड्याफार फरकाने हाच मार्ग पत्करला. दिल्लीत इंडिया गेटजवळील मेघडंबरीतून पाचव्या जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये हलवून पुढे शहराच्या उत्तरेकडील कॉरोनेशन पार्कमध्ये ठेवण्यात आला. कोलकात्याचे अनेक पुतळे बराकपूरला गेले. मुंबईचे वैशिष्ट्य असे की, येथील पुतळे निर्जन जागी न जाता शहरातील सर्वांत गर्दीच्या बागेत आले. मात्र बागेत येणारे लोक वाघ, पाणघोडे व अलीकडे पेंग्विन पाहायला येतात. पुतळ्यांपाशी थांबणारे थोडे असतात.

काळा घोडा

सातवा एडवर्ड युवराज असताना नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईत उतरला व तेथून त्याने भारताचा दौरा केला. त्या भेटीची आठवण म्हणून डेव्हिड ससून यांचे पुत्र सर आल्बर्ट ससून यांनी हा पुतळा शहराला भेट दिला. व्हिएन्नामध्ये जन्मलेले व इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेले शिल्पकार जोसेफ एडगर बोहम यांनी तो कांस्यात घडवला. १८७९ मध्ये गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत एस्प्लनेड रोडवर, आजच्या महात्मा गांधी मार्गावर, त्याची स्थापना झाली.

कांस्याच्या गडद रंगामुळे लोकांनी पुतळ्याला 'काळा घोडा' म्हटले आणि तेच नाव चौकाला व मग आसपासच्या सगळ्या परिसराला मिळाले. घोड्यावर कोण बसले आहे याची दखल नावात घेतली गेली नाही. १९६५ मध्ये पुतळा हलवल्यावर चौकात घोडा उरला नाही, नाव मात्र टिकले. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवामुळे ते आणखी दूरवर पोहोचले. २०१७ मध्ये त्या परिसरात एका नव्या काळ्या घोड्याची स्थापना झाली. वास्तुरचनाकार अल्फाज मिलर यांच्या कल्पनेतील व शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेल्या या घोड्यावर स्वार नाही. लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी नावातून जे केले होते तेच येथे शिल्पातून झाले.

मूळ पुतळा बागेत उंच चौथऱ्यावर आहे. घोड्याची तोललेली चाल आणि स्वाराचा लष्करी पेहराव यांतील बारीक काम जवळून पाहता येते, हा स्थलांतराचा एक फायदा म्हणावा लागेल. जुन्या जागी वाहनांच्या गर्दीत ते शक्य नव्हते.

राणी व्हिक्टोरियाचा पुतळा

मॅथ्यू नोबल यांनीच घडवलेला राणी व्हिक्टोरियाचा पांढरा संगमरवरी पुतळा बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी मुंबईला भेट दिला. त्यासाठी सुमारे १ लाख ८२ हजार रुपये खर्च आला. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. खंडेरावांचे १८७० मध्ये निधन झाल्याने त्यांना अनावरण पाहता आले नाही. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या हस्ते एप्रिल १८७२ मध्ये ते झाले. तारघराजवळील चौकात गॉथिक शैलीच्या उंच, कोरीव मेघडंबरीखाली सिंहासनावर बसलेली राणी असे त्याचे मूळ स्वरूप होते. मेघडंबरीच्या नक्षीत इंग्लंडचा गुलाब व भारताचे कमळ शेजारी शेजारी कोरलेले होते. शहराची ती एक प्रेक्षणीय वस्तू ठरली व जुन्या छायाचित्रांत ती वारंवार दिसते.

ऑक्टोबर १८९६ मध्ये एका रात्री या पुतळ्याच्या तोंडाला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घालण्यात आली. शहरात मोठी खळबळ उडाली, पण कृत्य कोणाचे हे तेव्हा उघडकीस आले नाही. २२ जून १८९७ रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्या प्रकरणी पकडले गेलेले दामोदर हरी चापेकर यांनी मुंबईतील पुतळ्याला डांबर फासण्याचे कृत्य आपण व आपले बंधू बाळकृष्ण यांनी केल्याचे सांगितले. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आली. रँड प्रकरणाच्या तुलनेत डांबराची घटना लहान वाटते. मात्र घटनाक्रमात ती आधीची आहे आणि राजसत्तेच्या प्रतीकावर उघड हल्ला करण्याची चापेकर बंधूंची तयारी तिच्यातून दिसते.

संगमरवरात मुरलेले डाग साध्या उपायांनी निघेनात. अखेर रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी रासायनिक प्रक्रियेने पुतळा पुन्हा पांढरा केला व त्यामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले. गज्जर हे बडोद्याच्या कलाभवनाचे संस्थापक होते. बडोद्याच्या राजाने दिलेल्या पुतळ्याचा डाग बडोद्याच्या संस्थेशी निगडित रसायनज्ञाने काढावा, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

१९६५ मध्ये पुतळा व मेघडंबरी यांची ताटातूट झाली. आता संग्रहालयाच्या आवारात राणी उघड्या आकाशाखाली बसलेली आहे. मोडतोडीत तिच्या नाकाला इजा झाली. वस्त्रावरील नक्षीकाम व सिंहासनाची घडण पाहिल्यास नोबल यांच्या कौशल्याची कल्पना येते. मूळ रचनेचा अर्धा प्रभाव मात्र मेघडंबरीबरोबर गेला.

लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा

गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस यांचे १८०५ मध्ये गाझीपूर येथे निधन झाले. त्यानंतर मुंबईच्या किल्ल्यातील 'बॉम्बे ग्रीन' या मोकळ्या मैदानात त्यांचा संगमरवरी पुतळा उभारण्यात आला. तो इंग्लंडमधील बेकन घराण्याच्या कार्यशाळेत घडला. हेच मैदान पुढे एल्फिन्स्टन सर्कल व त्यानंतर हॉर्निमन सर्कल झाले.

घुमटीखाली उभी असलेली ही दगडी मूर्ती पाहून लोकांनी तिला देव मानले. फुले व नारळ वाहिले जाऊ लागले, लोक दर्शनाला येऊ लागले. अधिकाऱ्यांनी हा देव नसून माणूस आहे असे समजावण्याचा व पूजा थांबवण्याचा प्रयत्न केला, पण त्याला लगेच यश आले नाही. या प्रसंगाकडे तत्कालीन इंग्रज लेखकांनी 'नेटिवांचे भोळेपण' म्हणून पाहिले. घुमटीत मूर्ती असेल तर तिथे नमस्कार करावा, ही रीत मात्र लोकांची स्वतःची होती. स्मारकाची युरोपीय कल्पना येथे नवी होती, मूर्तीची नव्हती.

मार्क्विस वेलस्लीचा पुतळा आणि वऱ्हाड

१७९८ ते १८०५ या काळात गव्हर्नर-जनरल असलेल्या मार्क्विस रिचर्ड वेलस्ली यांचा पुतळा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभारला होता. तैनाती फौजेचे धोरण व टिपूचा पाडाव या दोन गोष्टींशी त्यांचे नाव जोडलेले आहे. महाराष्ट्राच्या, विशेषतः वऱ्हाडच्या, दृष्टीने १८०३ चे दुसरे इंग्रज-मराठा युद्ध अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून तैनाती फौज स्वीकारली. दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांना तो मान्य झाला नाही. त्यातून पेटलेल्या युद्धात दख्खनमधील सैन्याचे नेतृत्व गव्हर्नर-जनरलचे धाकटे बंधू आर्थर वेलस्ली यांच्याकडे होते. हेच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. त्यानंतर युद्ध वऱ्हाडात सरकले.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात अडगाव येथे मराठी फौजांचा पराभव झाला. इंग्रजी ग्रंथांत ही लढाई 'अरगाव' या नावाने आढळते. त्यानंतर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांनी मेळघाटातील गाविलगडाकडे मोर्चा वळवला. सातपुड्याच्या कड्यावरील हा किल्ला भोसल्यांचा भक्कम आधार होता व त्याचे रक्षण किल्लेदार बेनीसिंग करीत होता. डोंगरातून तोफा वर नेण्यास इंग्रजांना मोठे कष्ट पडले. १५ डिसेंबर रोजी उत्तरेकडील तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. बेनीसिंग लढताना मारला गेला व किल्ला पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख त्यांना सोडावा लागला. तो निजामाकडे गेला, कटक इंग्रजांना मिळाले. ३० डिसेंबर रोजी शिंद्यांशी झालेला तह सुर्जी-अंजनगाव येथे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे झाला.

वऱ्हाडचा पुढील शतकाचा इतिहास याच तहांतून घडला. प्रदेश निजामाच्या ताब्यात राहिला, १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी तो इंग्रजांकडे सोपवण्यात आला आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला. मुंबईत पुतळ्यासाठी वर्गणी देणाऱ्या व्यापाऱ्यांना युद्ध जिंकल्याचा आनंद होता, पण ज्या गावांत ते लढले गेले तेथे त्याची आठवण वेगळ्या स्वरूपात राहिली. गाविलगडाची दरवाजे व तटबंदी चिखलदऱ्याजवळ अजून पाहता येते. किल्ला पाहणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना या स्वारीमागील गव्हर्नर-जनरलचा पुतळा भायखळ्याच्या बागेत असल्याची कल्पना असेल.

जिजाबाई व बाल शिवाजी

उद्यानाच्या नामांतराशी सुसंगत असे राजमाता जिजाबाई व बाल शिवाजी यांचे शिल्प बागेत आहे. आईने मुलाला राज्यकारभाराचे व न्यायाचे धडे दिले, या परंपरेने चालत आलेल्या प्रतिमेवर ते आधारलेले आहे.

जिजाबाईंचा जन्म सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव यांच्या घरी झाला. जन्मतारीख १२ जानेवारी १५९८ मानली जाते व त्या दिवशी सिंदखेडराजा येथे मोठ्या संख्येने लोक जमतात. वऱ्हाडातील चार जुन्या जिल्ह्यांपैकी अमरावती, अकोला व यवतमाळ यांच्याबरोबरचा चौथा जिल्हा बुलढाणा होय. त्याच्या दक्षिण टोकाला हे गाव आहे. तेथे जाधवांचा राजवाडा, मोती तलाव आणि लखुजींची भव्य समाधी आहे. १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजी व त्यांच्या मुलांची हत्या झाली. त्यानंतरच्या वर्षांत जिजाबाईंनी शिवनेरी व पुणे येथे मुलाला वाढवले. १७ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांनी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. जन्मस्थानी राजवाडा, मृत्यूस्थानी समाधी आणि ज्या मुंबईशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता तेथे उद्यान, अशी त्यांच्या स्मारकांची विभागणी झाली आहे.

जतन

संग्रहालयाची वास्तू विसाव्या शतकाच्या अखेरीस जीर्ण झाली होती. २००३ मध्ये महानगरपालिका, इंटॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांनी या कामात प्रमुख भूमिका बजावली. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला व जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

बाहेरील पुतळ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. संगमरवर हा मुंबईच्या हवेला न मानवणारा दगड आहे. समुद्रावरून येणारे क्षार, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस व वाहनांच्या धुरातील आम्लधर्मी वायू यांमुळे त्याचा पृष्ठभाग झिजतो, खरबरीत होतो व भेगांत शेवाळ धरते. मेघडंबरीखाली असताना राणीच्या पुतळ्याला पावसापासून जे संरक्षण होते ते आता नाही. कांस्याचे पुतळे तुलनेने टिकाऊ असतात, तरी पक्ष्यांची विष्ठा व क्षार यांमुळे त्यांच्यावर हिरवट थर चढतो. घारापुरीच्या हत्तीचा काळा पाषाण हवेला चांगला तोंड देतो, पण १९१४ मधील जोड हे त्याचे कमकुवत स्थान आहे.

उद्यानाची दुसरी बाजू वृक्षांची आहे. हे मुंबईतील सर्वांत जुने सार्वजनिक वनस्पती उद्यान असून येथे गोरखचिंचेसह अनेक दुर्मीळ व जुने वृक्ष आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणाच्या योजना पुढे आल्या तेव्हा वृक्ष व वारसा-रचना यांना बाधा येईल, या भीतीने नागरिकांनी मोहीम उभारली. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले हंबोल्ट पेंग्विन मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. तेव्हापासून बागेतील गर्दी पुष्कळ वाढली आहे. प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान व वारसा-परिसर अशा तीन भूमिका एकाच कुंपणात सांभाळताना पहिलीकडे झुकते माप पडते, असा आक्षेप वारसाप्रेमी घेत आले आहेत.

उद्यान भायखळा रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बुधवारी उद्यान व संग्रहालय दोन्ही बंद असतात. घड्याळ मनोरा, घारापुरीचा हत्ती व संग्रहालयाच्या आवारातील पुतळे प्रवेशद्वारालगतच्या भागात असल्याने प्राणिसंग्रहालयात न शिरताही ते पाहता येतात.